टेकणं आणि बसणं

माझी उंची १५१ सेंटिमीटर. म्हणजे पाच फुटांना जरा कमीच. ही माहिती मी आपणहून कुणाला देत नाही, पण मोटरसायकलवर बसले की ती आपोआप जाहीर होते. सिग्नलला शेजारच्या रिक्षातून, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या गेटवर, लग्नात जेवणाच्या रांगेत मावशीकडून, सगळीकडून एकच प्रश्न येतो : ‘पाय पुरतात का गं?’

प्रश्न वाईट नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा काळजीच असते. पण गेली चार वर्षं तो ऐकून ऐकून मला त्यातली एक गंमत कळली आहे. कामाच्या दिवशी मी मोटरसायकलवर चार तास तरी बसलेली असते. त्यातला पाय टेकून थांबण्याचा वेळ सगळा मिळून दहा मिनिटं. लोक त्या दहा मिनिटांबद्दल विचारतात. उरलेल्या पावणेचार तासांबद्दल कुणीच विचारत नाही. ‘बसायला बरं आहे का?’ हा प्रश्न मला आजवर फक्त एका माणसाने विचारला आणि त्याचा धंदाच तो होता. त्याच्याकडे येतेच.

आधी मोटरसायकल कशासाठी ते सांगते. भूजलावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नोकरी करते. पुरंदर आणि बारामती तालुक्यांच्या कोरड्या पट्ट्यातल्या ठरावीक विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजायची, हे माझं काम. हडपसरहून निघायचं, दिवे घाट चढायचा, सासवड, जेजुरी, पुढे मोरगाव-सुप्याची बाजू. मुख्य रस्ता सोडला की मुरूम, माती आणि बांधाबांधाने जाणाऱ्या वाटा. दिवसाला १२०-१३० किलोमीटर सहज होतात. संस्थेची एक जीप आहे, पण ती तीन प्रकल्पांत वाटलेली. ज्याच्याकडे स्वतःची गाडी तो फील्डवर, नाही त्याने ऑफिसात बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे एक्सेलमध्ये भरायचे. मला आकडे भरायचे नव्हते, आणायचे होते.

स्कूटर होती की माझ्याकडे. पुण्यात वाढलेल्या मुलीकडे नसली तरच नवल. पण स्कूटरची चाकं दहा-बारा इंचांची. डांबरावर ती मजेत पळते, मुरमाच्या वाटेवर मात्र प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवते. मोटरसायकलचं सतरा-अठरा इंची चाक त्याच खड्ड्यावरून बरंच शांतपणे जातं. तेव्हा मोटरसायकल घेणं ही माझी हौस नव्हती, नोकरीची गरज होती. हौस नंतर लागली.

•

आपल्याकडे बाई आणि दुचाकी हे नातं जुनं आहे. लूना आली १९७२ साली. तिच्यावर आणि तिच्यानंतरच्या मोपेड-स्कूटरवर आमच्या आया, आत्या नोकरीला गेल्या, भाजी आणली, आम्हाला शाळेत सोडलं. त्या गाड्या बुटक्या होत्या, हलक्या होत्या, पाय पुढे ठेवायला जागा होती. साडीसकट चालवता यायच्या. बाईच्या अंगाचा विचार त्यात होता.

मोटरसायकलवर बाईची जागा मात्र मागची. हे मी रागाने म्हणत नाही, नियमातच तसं दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ क्रमांकाचा नियम वाचा. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं संरक्षण हवं, असं तो सांगतो. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते हेच. चांगला नियम आहे, त्याने किती जणींचा जीव वाचला असेल. पण बघा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईच्या पदराचा विचार झाला, लोखंडी जाळी बसली. पुढच्या सीटवर कुणीतरी पाच फुटांचं बसेल, हे मात्र चित्रात नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे मी काही अपवाद नाही. मी जवळजवळ सरासरी आहे!

•

गाडी बघायला लागले तेव्हा पहिल्यांदा सीटच्या उंचीचे आकडे पाठ झाले. हे आकडे मिलिमीटरमध्ये असतात. बजाज ॲव्हेंजर क्रूझ ७३७. रॉयल एनफील्ड मिटिऑर ७६५. स्प्लेंडर ७८५. हंटर ७९०. क्लासिक ८०५. नवी हिमालयन ८२५, आणि तिची सीट आणखी वर करून ८४५ करता येते. ती सोय कुणासाठी आहे ते कळलं, आपल्यासाठी नाही हेही कळलं.

या आकड्यांशी जुळवायला स्वतःचा एक आकडा लागतो : इनसीम, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंतची पायाची आतली लांबी. उंची विचारून उपयोग नसतो. सारख्या उंचीच्या दोघींमध्ये एकीचे पाय लांब असतात, दुसरीचं धड. घरी मोजायची रीत सोपी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाडजूड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मी विहिरीच्या टेपनेच मोजलं. ६८ सेंटिमीटर. म्हणजे ६८० मिलिमीटर. वरच्या यादीतली सगळ्यात बुटकी गाडीसुद्धा ७३७ ची. या हिशेबाने मी एकाही मोटरसायकलवर बसू शकत नव्हते.

पण मग प्रत्यक्ष बसून बघितलं आणि हिशेब मोडला. ७८५ ची एक गाडी होती, तिच्यावर चवडे टेकले. ७६५ च्या दुसरीवर जेमतेम बोटं. असं का, हे समजायला वेळ लागला. पाय सीटपासून सरळ खाली जात नाही, सीटच्या कडेला वळसा घालून जातो. सीट पुढच्या बाजूला, मांड्यांच्या मध्ये जितकी रुंद, तितका वळसा मोठा आणि तितका पाय तोकडा. कंपनीचा आकडा जमिनीपासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतचा असतो. रुंदी त्यात धरलेली नसते. शिवाय माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात आणि सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली येते. तेही वजनावर. माझं वजन ४७ किलो, मी बसले तर गाडीला फारसं काही वाटत नाही. तोच शॉकअप ऐंशी किलोचा माणूस बसला की नम्रपणे खाली जातो. म्हणजे उंच आणि वजनदार माणसाला गाडी आपणहून बुटकी होऊन मिळते. बुटक्या आणि हलक्या माणसाला ती उंचच राहते.

शोरूममधला मुलगा सभ्य होता. ‘मॅडम, काळजी नको, सीट कापून घ्या. सगळेच कापतात,’ म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

•

सगळेच कापतात हे खरं आहे. आणि या ‘सगळ्यां’मध्ये मुली थोड्या, पुरुष जास्त आहेत. माझा एक सहकारी आहे, साडेपाच फुटांच्या बराच आतला. त्याने गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सीटमधला दोन इंच फोम काढून घेतला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मला निदान ‘पाय पुरतात का’ असं तोंडावर विचारतात. त्याला कुणी विचारत नाही, आणि त्यालाही कुणाला विचारता येत नाही. मोटरसायकलवरच्या पुरुषाचे पाय पुरायलाच हवेत, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मी मोजपट्टी घेऊन गाड्यांच्या सीटा मोजायला लागले तेव्हा एक दिवस तो हळूच म्हणाला, ‘माझ्या सीटवर बसून बघ.’

बसले. दोन्ही चवडे टेकले, एक टाचसुद्धा जवळजवळ टेकली. स्वर्ग! मग त्याच गाडीवरून सासवडला गेले. हडपसर ते सासवड फार तर पंचवीस किलोमीटर. घाट संपेपर्यंत बूड बधिर झालं होतं. उरलेला फोम इतका पातळ होता की प्रत्येक खड्ड्याला सीटचा प्लास्टिकचा तळ माकडहाडाला लागायचा. ‘तू रोज कसा बसतोस?’ असं मी विचारलं. ‘उभा राहतो अधूनमधून,’ तो म्हणाला. वर्षभर तो असाच चालवत होता. पाठदुखीसाठी गोळ्या घेत होता आणि दुखण्याचं कारण खराब रस्ते आहेत, असं घरी सांगत होता.

तेव्हा मला या विषयातला खरा पेच कळला. फोम काढला की पाय टेकतात, पण बसणं जातं. फोम ठेवला की बसणं राहतं, पण पाय लोंबतात. बुटक्या माणसाने यातलं एक निवडायचं, असं सगळे धरून चालतात.

माझी गाडी तोवर आली होती. सीट मूळचीच ठेवली होती, आठशेच्या आतबाहेरची. डाव्या पायाचा चवडा टेकायचा, उजवा ब्रेकवर. तेवढं पुरायचं. त्रास वेगळाच होता. पन्नास किलोमीटरनंतर मांड्यांना आतून मुंग्या यायच्या आणि सारखी पुढे घसरून मी टाकीला चिकटायचे. त्यात एका पेट्रोल पंपावर डाव्या पायाखाली खडी आली, पाय सरकला आणि गाडी आडवी झाली. मला काही झालं नाही, क्लचचा लिव्हर वाकला. उचलायला चार जण धावले आणि ऑफिसात बातमी माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी ‘थोडे दिवस डेटाचं काम बघतेस का?’ अशी प्रेमळ विचारणा झाली. मी एक आठवडा मागितला.

•

नाना पेठेत दुचाकीचं सगळं मिळतं. सीटवाल्यांची दुकानंही आहेत : बाहेर रेक्झिनच्या गुंडाळ्या, आत शिलाई मशीन, सोल्युशनचा वास. दोन दुकानांत ‘किती इंच कमी करू?’ एवढंच विचारलं. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी सीट हातात घेतलीच नाही. म्हणाले, ‘ताई, दिवसाला किती चालवता?’

‘सव्वाशे.’

‘बसायला बरं आहे का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘मग उंचीचं नंतर बघू. आधी गाडीवर बसा. नेहमी बसता तसं. फोटोसाठी बसल्यासारखं नको.’

मी बसले. ते बाजूने बघत राहिले, मग खडूने सीटवर दोन रेघा मारल्या. एक मी जिथे बसले होते तिथे. दुसरी सीटचा सगळ्यात रुंद भाग जिथे होता तिथे. दोन्हींत वीतभर अंतर होतं.

‘हे बघा,’ ते म्हणाले. ‘तुमचे हात आखूड, म्हणून हँडल गाठायला तुम्ही पुढे बसता. कंपनीने बसायची जागा मागे केलीय. तुम्ही सीटवर बसतच नाही, सीटच्या नाकावर बसता.’

इतक्या दिवसांचं दुखणं त्या दोन रेघांत होतं. आपण बसतो तेव्हा वजन येतं ते कुल्ल्यांच्या खालच्या दोन हाडांवर. त्यांच्यात अंतर असतं, आणि बायकांमध्ये ते साधारणपणे जास्त असतं. ती दोन्ही हाडं रुंद भागावर आली तर तासन् तास बसता येतं. अरुंद भागावर बसलं की हाडं दोन्ही बाजूंनी बाहेर राहतात आणि भार मधल्या मऊ भागावर येतो. मुंग्या तिथूनच.

काकांनी पिना उपटून रेक्झिन सोलून काढलं. खालचा फोम पिवळसर, पुढे उतरता. त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, पुढच्या नाकाच्या दोन्ही कडा, जिथे मांड्या घासतात, तिथला फोम तिरपा उतरवला. वरून नाही, बाजूंनी. दुसरी, रुंद भाग पुढे आणला. मी बसते त्या रेघेपासूनच सीट पसरायला लागेल असा फोम दोन्हीकडे जोडला. तिसरी, पुढचा उतार काढून बसायची जागा सपाट केली आणि तिथला फोम काढून जास्त डेन्सिटीचा, दाबायला कडक वाटणारा फोम बसवला.

‘कडक?’ मी विचारलं.

‘मऊ सीट दुकानात विकायला चांगली,’ ते म्हणाले. ‘दोन बोटांनी दाबून बघतात आणि खूश होतात. तासाभराने मऊ फोम पार दबतो, मग तुम्ही तळावर. कडक फोम दबत नाही, धरून ठेवतो. पातळ करायचा असेल तर कडकच हवा.’

उंची किती कमी केली? दीड सेंटिमीटर. फक्त दीड. पण रेक्झिन न चढवता, नुसत्या फोमवर बसवून त्यांनी मला पाय सोडायला सांगितलं तेव्हा दोन्ही चवडे टेकले. उंची नव्हे, वळसा कमी झाला होता. मग त्या उघड्या फोमवर फडकं टाकून त्यांनी मला गल्लीत दोन फेऱ्या मारायला पाठवलं. परत आल्यावर डावीकडून अजून थोडं घासलं. पुन्हा फेरी. चौथ्या फेरीनंतर शिलाई. १,८०० रुपये आणि अख्खी दुपार.

निघताना त्यांनी शॉकअपकडे बोट दाखवलं. ‘हा वरच्या खाचेवर ठेवलाय कुणीतरी. एकटीच चालवता ना? सगळ्यात खालच्या खाचेवर घ्या.’ गॅरेजमध्ये पाच मिनिटांचं काम. स्प्रिंगवरचा ताण कमी झाला आणि ४७ किलोलाही गाडी थोडी दबायला लागली. शॉकअप बदलून अख्खी गाडीच खाली बसवणारेही असतात. ते मी केलं नाही. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो, उभी केलेली गाडी पुरेशी कलत नाही आणि धक्का लागला की पलीकडे पडते. शिवाय बांधावरचे दगड गाडीच्या पोटाला लागतात.

•

उरलेलं अंतर माझं मी भरून काढते. टाचा अजूनही हवेत असतात आणि त्या तिथेच राहणार. दानी पेद्रोसा नावाचा स्पॅनिश रेसर जेमतेम १६० सेंटिमीटरचा. त्याने तीन जागतिक अजिंक्यपदं मिळवली, २००३ मध्ये १२५ सीसीचं आणि २००४, २००५ मध्ये २५० सीसीची. चालत्या मोटरसायकलला बसणाऱ्याची उंची कळत नाही. ती कळते थांबल्यावर. म्हणून मी थांबायला शिकले.

थांबण्याआधी दहा मीटर माझी नजर जमिनीवर जाते : खडी, तेल, ओलं शेण, चर. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. अगदी डाव्या कडेला थांबलं की डाव्या पायाखालची जमीन आणखी खाली गेलेली असते. म्हणून मी कडेपासून जरा आत, सपाटीवर थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. थांबता थांबता बूड किंचित डावीकडे सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. दोन अर्धवट पायांपेक्षा एक पूर्ण पाय भरवशाचा. दिवे घाटात ट्रकच्या मागे चढावर थांबायची वेळ येते तेव्हा तो उजवा पायच गाडी मागे येऊ देत नाही. बूटही तेव्हाच बदलले. घोटा झाकणारे, जाड आणि न घसरणाऱ्या तळाचे. सोलच्या जाडीने दोन सेंटिमीटर फुकट मिळाले.

तुम्ही सीट बदलायच्या विचारात असाल तर माझं सांगणं एवढंच : आकडा बघा, पण आकड्यावर गाडी घेऊ नका आणि आकड्यासाठी सीट कापू नका. रोजचे बूट घालून जा. पाच मिनिटं नाही, वीस मिनिटं बसा. आपण कुठे बसतो आणि सीट कुठे रुंद आहे, ते बाजूने कुणाला तरी बघायला सांगा, फोटो काढायला सांगा. जेल पॅड, मेमरी फोम हे सगळं त्यानंतर. आणि ‘किती इंच कमी करू’ असं विचारणाऱ्याआधी ‘बसायला बरं आहे का’ असं विचारणारा माणूस शोधा. माझ्या सहकाऱ्याला मी त्याच दुकानात घेऊन गेले. ‘मित्राची गाडी आहे’ असं त्याने काकांना सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘मित्राला बसायला सांगा.’ तो बसला.

माझं सगळंच सुखाचं झालंय असं नाही. शंभर किलोमीटरनंतर उजवा खुबा कुरकुरतो, तासाभराने उतरून दोन मिनिटं चालावं लागतं. ‘पाय पुरतात का?’ हेही थांबलेलं नाही. मी ‘पुरवते’ म्हणते आणि गिअर टाकते.

तो मागून घेतलेला आठवडा संपला तेव्हा मी ऑफिसात कुणाशी वाद घातला नाही. फील्डची वही टेबलावर ठेवली. जुन्या सीटवर दिवसाला माझ्या सहा विहिरी व्हायच्या, मग अंग जवाब द्यायचं. त्या आठवड्यातल्या शेवटच्या दिवसाच्या पानावर नऊ विहिरींच्या नोंदी होत्या, शेवटची सुप्याच्या पलीकडची, वेळ संध्याकाळी साडेपाच. डेटाचं काम त्यानंतर कुणी काढलं नाही.